उच्चैःश्रुती ते श्रवणयंत्र : कमी ऐकू येणारा प्रौढ रुग्ण मदत केव्हा घेतो?

प्रस्तावना

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे 'कान जड झाला' अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण बहुधा एकच अपेक्षा घेऊन येतो. कानात सोडायला एखादे चांगले तेल मिळावे, एवढीच ती अपेक्षा असते. आष्टा व वाळवा तालुक्यातील आसपासच्या गावांतून आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत साठी ओलांडलेले शेतकरी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार, विटा किंवा इचलकरंजी येथे यंत्रमागावर उमेदीची वर्षे घालविलेले विणकर आणि घरातील वृद्ध स्त्रिया यांचा भरणा अधिक असतो. 'किती दिवसांपासून?' असे विचारले तर रुग्ण सांगतो, 'झाले असतील पाच-सहा महिने.' सोबत आलेली सूनबाई हळूच सांगते, 'सात-आठ वर्षे तरी झाली.' या दोन उत्तरांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ऐकू कमी येऊ लागल्यापासून उपाय करण्यापर्यंतचा काळ सर्वत्रच दीर्घ असतो. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांतूनही हा काळ सरासरी वर्षा-दोन वर्षांचा नसून आठ-दहा वर्षांच्या घरात असल्याचे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणविषयक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीत काही ना काही उणीव आहे व त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना पुनर्वसनाची गरज आहे. श्रवणयंत्राचा लाभ होऊ शकेल अशा व्यक्तींपैकी प्रत्यक्ष यंत्र वापरणारे केवळ १७ टक्के आहेत. उरलेले ८३ टक्के का थांबतात, आणि जे थांबत नाहीत ते कशामुळे पुढे येतात, हे समजून घेणे वैद्याला आवश्यक आहे. कारण आपल्या भागात असा रुग्ण कर्णरोगतज्ज्ञाच्या आधी आपल्याच दारात येतो.

शास्त्रीय विचार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात २८ कर्णरोग वर्णन केले असून त्यांत बाधिर्याचा स्वतंत्र निर्देश आहे. शब्दवह स्रोतसांत केवळ वायू, किंवा कफाने युक्त वायू, मार्ग अडवून राहिला असता बाधिर्य उत्पन्न होते, अशी त्याची संप्राप्ती आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ८० वातविकार मोजले आहेत. त्यांत कर्णशूल, अशब्दश्रवण, उच्चैःश्रुती आणि बाधिर्य हे चार विकार ओळीने येतात. उच्चैःश्रुती म्हणजे मोठ्याने बोललेलेच ऐकू येणे. बाधिर्याहून ही अवस्था वेगळी मोजली गेली, याचे महत्त्व आपल्या नित्याच्या व्यवहारात फारसे लक्षात घेतले जात नाही. आमच्या मते मदतीची खरी वेळ हीच होय. रुग्ण अद्याप ऐकतो, बोलतो, चारचौघांत बसतो. मात्र समोरच्याने आवाज चढवावा लागतो. या टप्प्यावर जे हाती लागते, ते पुढे दहा वर्षांनी लागत नाही.

हेतूंचा विचार करता चरकाचार्यांनी श्रवणेंद्रियाच्या अतियोगात मेघगर्जना, नगारा व आरडाओरडा यांचा निर्देश केला आहे. यंत्रमागाची खोली, कारखान्यातील यंत्रघर आणि मिरवणुकीतील 'डॉल्बी'च्या भिंती ही त्याचीच आजची रूपे. त्यात वृद्धावस्थेतील स्वाभाविक वातप्रकोपाची भर पडते. आधुनिक शास्त्रानुसार अंतःकर्णातील शंखाकृती भागात असलेल्या सूक्ष्म केसपेशी आवाजाने व वयोमानाने नष्ट होतात, आणि मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. उंच स्वर ग्रहण करणाऱ्या पेशी प्रथम जातात.

या शेवटच्या गोष्टीत घरोघरच्या भांडणाचे मूळ आहे. स्वरांचा नाद खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, ख, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच पट्टीवर अवलंबून असते. त्यामुळे रुग्णाला आवाज ऐकू येतो पण शब्द उमगत नाही. 'सात' म्हटले की 'हात' आणि 'साठ' म्हटले की 'पाठ' असे ऐकू येते. तो म्हणतो, 'मला ऐकू येतंय, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.' त्याच्या दृष्टीने हे खरेच असते. घरचे आवाज चढवितात, तर तो चिडतो, 'ओरडतोस कशाला?' कारण अशा कानात ऐकू येण्याची पातळी व आवाज असह्य होण्याची पातळी यांमधील अंतर कमी झालेले असते. आधी 'मोठ्याने बोल' आणि लगेच 'ओरडू नकोस' असे म्हणणारा वृद्ध हेकट ठरतो. वस्तुतः ही दोन्ही एकाच व्याधीची लक्षणे आहेत.

चतुष्पादातून पाहिलेला प्रश्न

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद, आणि प्रत्येकाचे चार गुण आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. श्रवणयंत्र कोण घेतो व कोण घेत नाही, या प्रश्नाची उकल या चौकटीत चांगली होते.

(१) रोगी : रोग्याच्या चार गुणांत 'ज्ञापकत्व', म्हणजे स्वतःची व्यथा नेमकी सांगता येणे, हा गुण आहे. बाधिर्यात नेमका हाच गुण प्रथम क्षीण होतो. दात दुखला तर रुग्णाला ठाऊक असते. जे ऐकूच आले नाही ते निसटले हे मात्र त्याला कळत नाही. श्रवणयंत्रविषयक संशोधनाचा एक विस्तृत आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. मदत मागणे, यंत्र घेणे, ते वापरणे आणि त्याबद्दल समाधानी असणे या चारही बाबींवर अनुकूल परिणाम करणारा एकच घटक त्यात आढळला. आपल्याला ऐकण्याची अडचण आहे ही रुग्णाची स्वतःची जाणीव, हा तो घटक. कागदावरील श्रवणालेखापेक्षा ही जाणीव अधिक निर्णायक ठरते. दोघांचा आलेख सारखाच असला तरी एक जण यंत्रासाठी मिरज गाठतो आणि दुसरा 'मला काय झालंय?' म्हणून उठून जातो, ते याचमुळे.

ही जाणीव कशाने येते? आमच्या रुग्णांत ती बहुधा एखादी आवडीची किंवा गरजेची गोष्ट हातातून सुटली म्हणजे येते. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाचा फोन आला की तो दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. कीर्तनात बुवा काय म्हणाले ते कळत नाही, म्हणून सप्ताहाला जाणे थांबते. बँकेत आपले नाव पुकारले गेले तरी रांग चुकते. सोसायटीच्या सभेत प्रश्न एक आणि आपले उत्तर भलतेच, मग हशा पिकतो. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. 'डेसिबल' हा शब्द रुग्णाच्या लेखी निरर्थक आहे. कीर्तन मात्र त्याचे आहे. म्हणून संभाषणाची सुरुवात तेथूनच करावी.

'अभीरुत्व', म्हणजे न घाबरणे, हा रोग्याचा आणखी एक गुण. येथे भीती व्याधीची नसून लोकांची असते. दृष्टी अधू झालेल्याबद्दल समाजाला कणव वाटते. कमी ऐकणाऱ्याचा मात्र आपल्या नाटकांतून व गप्पांतून विनोदच होत आला आहे. चष्मा लावला तर मनुष्य शिकलेला दिसतो, 'कानाचं मशीन' लावले तर म्हातारा किंवा अपंग ठरतो, अशी समजूत आहे. विवाहयोग्य तरुण-तरुणींच्या बाबतीत तर घरचेच यंत्र लपवू पाहतात. या भीतीवर उपदेशाचा परिणाम थोडा होतो. त्याच गावातला, त्याच वयाचा, यंत्र लावून पारावर निःसंकोच बोलणारा एखादा मनुष्य दिसला की तो अधिक होतो. अशा समाधानी रुग्णाची त्याच्या संमतीने नव्या रुग्णाशी गाठ घालून द्यावी.

(२) उपस्थाता : बाधिर्याचा अर्धा भार घरचे वाहतात. पत्नी दुभाषी होते, सून ओरडून थकते, नातवंडे बोलणे टाळतात. म्हणून मदतीसाठी पहिले पाऊल बहुतेक वेळा घरचेच उचलतात, आणि हे स्वागतार्हच आहे. परंतु केवळ घरच्यांच्या आग्रहाने घेतलेले यंत्र बहुधा कपाटात जाऊन पडते, असाही अनुभव आहे. उपस्थात्याच्या गुणांत 'अनुराग' सांगितला आहे. 'तुमच्यामुळे आम्हाला त्रास होतो' या शब्दांत तो दिसत नाही. 'आबा, तुमच्याशी पूर्वीसारखं बोलता येत नाही' या शब्दांत तो दिसतो. यंत्र आल्यावरही घरच्यांचे काम संपत नाही. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, दूरदर्शनचा आवाज बंद करून, सावकाश बोलणे हे त्यांनाही शिकवावे लागते.

(३) द्रव्य : येथे द्रव्य म्हणजे यंत्र. ध्वनिग्राहक, वर्धक व कानात आवाज सोडणारा भाग अशी त्याची सोपी रचना आहे. द्रव्याच्या गुणांत 'योग्यत्व' व 'बहुता' यांचा समावेश आहे. जाहिरात पाहून टपालाने मागविलेले किंवा यात्रेत घेतलेले, सर्व आवाज सरसकट वाढविणारे स्वस्त यंत्र या रुग्णाला अयोग्य असते. जो आवाज आधीच ऐकू येतो तोही ते वाढवून ठेवते. असा एक वाईट अनुभव आला की रुग्ण पुढे चांगल्या यंत्राकडेही वळत नाही. श्रवणालेखानुसार प्रत्येक पट्टीला हवे तेवढेच बळ देणारे, कानाच्या मापाचा साचा असलेले आणि पुढे दोन-तीन वेळा जुळवून दिलेले यंत्रच उपयोगी पडते.

घेतलेले यंत्र लोक का वापरत नाहीत, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांतही तीच कारणे पुन्हा पुन्हा येतात : गोंगाटात अपेक्षेइतका लाभ न होणे, कानात टोचणे किंवा सैल बसणे, आणि निगा राखता न येणे. आपल्याकडे त्यात आणखी काही गोष्टींची भर पडते. पावसाळ्यातील दमटपणाने यंत्र बिघडते, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. जस्त-वायू प्रकारच्या बॅटरीवरील चिकटपट्टी काढताच ती झिजू लागते, म्हणून पट्टी आधी काढून ठेवू नये. शेतात राबून जाड झालेल्या बोटांना ती इवलीशी बॅटरी बसविणे अवघड जाते; अशा रुग्णासाठी मोठ्या बॅटरीचे अथवा विजेवर भारित होणारे यंत्र निवडण्यास सांगावे.

खर्चाची अडचण खरी आहे. भारत सरकारची १९८१ पासूनची दिव्यांग साहाय्य योजना ('एडिप'), ६० वर्षांवरील अल्प उत्पन्न गटासाठी २०१७ साली सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आणि ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहाय्यभूत साधनांसाठी ३,००० रुपये थेट खात्यात देणारी २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांची माहिती वैद्याने ठेवावी. अटी व लाभ बदलत असतात, म्हणून रुग्णाने समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून पुढे जावे. तपासणीसाठी मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आपल्याला जवळ आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

(४) भिषक् : उरला तो वैद्य. कमी ऐकणाऱ्या रुग्णाचा निर्णय त्याच्या नेहमीच्या चिकित्सकाच्या एका वाक्याने पुढे सरकतो किंवा वर्षानुवर्षे अडतो. 'वय झालं, चालायचंच' हे वाक्य त्याला थांबविते. 'तेल घालत राहा, बघू' हे वाक्यही थांबवितेच. दोन्ही वाक्ये आपल्याच व्यवसायात सर्वाधिक उच्चारली जातात, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

वैद्याने काय करावे

प्रथम साध्यासाध्यत्व ठरवावे. कर्णगूथाने, म्हणजे मळाने, कान बंद झाला असल्यास तो काढताच रुग्ण ऐकू लागतो. ५१२ कंपनांच्या नादकाट्याने अस्थिमार्ग व वायुमार्ग यांची तुलना केली असता दोष वाहनाचा आहे की ग्रहणाचा, याचा बराच अंदाज येतो. हात लांब केल्याच्या अंतरावरून, रुग्णाच्या मागे उभे राहून, दुसरा कान झाकून, कुजबुजत्या आवाजात तीन अंक म्हणावेत व ते परत म्हणण्यास सांगावे. एवढ्या साध्या परीक्षेनेही पुढील तपासणीची गरज कळते.

पुढील परिस्थितीत कानात तेल न घालता रुग्णास कर्णरोगतज्ज्ञाकडे पाठवावे : कानातून स्राव असणे किंवा पडद्यास छिद्र असल्याचा संशय असणे, एकाच कानाने कमी ऐकू येणे, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याचा अर्दितासारखा विकार असणे, क्षयाच्या इंजेक्शनांसारख्या औषधांनंतर श्रवण घटणे, तरुण स्त्रीचे श्रवण गर्भारपणात वा नंतर कमी होत जाणे. एखाद्याचा कान एका रात्रीत किंवा तीन दिवसांच्या आत अचानक गेला असेल तर ती तातडीची अवस्था समजावी. त्या रुग्णाचे पहिले दोन आठवडे मोलाचे असतात. हे दिवस तेलात गेले तर श्रवण परत मिळण्याची संधी हातची जाऊ शकते.

जराजन्य व आवाजजन्य बाधिर्याबाबत काय? बालकांतील, वृद्धांतील व जुनाट बाधिर्य हे उत्तरकालीन ग्रंथकारांनी वर्ज्य म्हणून सांगितले आहे. याचा अर्थ नष्ट झालेले श्रवण पूर्ववत करण्याचे वचन वैद्याने देऊ नये, असा आम्ही घेतो. रुग्णाला सोडून द्यावे असा तो नाही. सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीच्या रुग्णाला पडू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. नीट लावलेला टेकू ते घर तोलून धरतो. श्रवणयंत्र हा असा टेकू आहे. तो व्याधी बरा करीत नाही, पण मनुष्याला त्याच्या घरात उभा ठेवतो.

नित्य कर्णतर्पणाने उच्चैःश्रुती व बाधिर्य होत नाही, असे चरकाचार्यांनी दिनचर्येत सांगितले आहे. हा प्रतिबंधाचा विचार आहे आणि पडदा निर्दोष असलेल्या कानापुरता आपण तो अवश्य सांगावा. सुश्रुतोक्त बिल्वतैलासारख्या कल्पांचा, तसेच वातशामक व रसायन चिकित्सेचा उपयोग कर्णनाद, निद्रानाश व कानाचा रूक्षपणा यांचा विचार करून करावा. तथापि चिकित्सेस ठरावीक मुदत घालावी. दीड-दोन महिन्यांत फरक नसेल तर श्रवणालेख काढून घ्यावा; शक्य तर तो चिकित्सेपूर्वीच काढावा, म्हणजे आपला गुण आपल्यालाही मोजता येईल. यंत्र वापरणाऱ्याने कर्णपूरण रात्री यंत्र काढून करावे व सकाळी कान कोरडा पुसून मगच ते लावावे. अन्यथा तेल साच्यात शिरून यंत्र बंद पडते.

रुग्णाची स्वतःची जाणीव जागी करण्यासाठी आम्ही त्याला घरच्यांसमक्ष काही प्रश्न विचारतो : फोनवरचे बोलणे समजते का? चार जण एकदम बोलत असता गप्पांत भाग घेता येतो का? ऐकू न आल्याने कुठे जाणे टाळले आहे का? घरात यावरून वाद होतो का? न कळता नुसती मान हलविली असे घडते का? उत्तरे त्यालाच देऊ द्यावीत, आपण घाई करू नये. पहिल्याच भेटीत यंत्राचा आग्रह धरण्यापेक्षा 'एकदा तपासून तर घेऊ' एवढ्यावर थांबावे. होकार दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत येतो.

यंत्र घेतल्यावर अपेक्षांची मर्यादा आधीच समजावून सांगावी. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या पावलांचा आवाज नकोसा वाटतो. वर्षानुवर्षे शांततेची सवय झालेल्या मेंदूला पुन्हा सवय लागण्यास अवधी लागतो. आरंभी घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना यंत्र लावावे. मग वेळ वाढवावा. लग्नघर व बाजार शेवटी. उशीर जितका अधिक तितके हे जुळवून घेणे अवघड, हेही सांगावे.

श्रवण व स्मृती यांच्या संबंधाविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. ७० ते ८४ वयोगटातील ९७७ व्यक्तींचा तीन वर्षे चाललेला एक अमेरिकन अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण गटात श्रवणोपचाराने बौद्धिक ऱ्हासात फरक दिसला नाही. परंतु ऱ्हासाचा धोका मुळातच अधिक असलेल्या उपगटात तो ४८ टक्क्यांनी मंद झाला. म्हणून 'यंत्र लावले नाही तर स्मृतिभ्रंश होईल' असे भय घालू नये. माणसांत राहणे हा लाभ यंत्र घेण्यास पुरेसा आहे.

उपसंहार

प्रौढ रुग्ण मदत घेतो तो आपली हानी त्याला स्वतःला उमगते तेव्हा, घरचे ती प्रेमाने दाखवून देतात तेव्हा, योग्य यंत्र व त्याची निगा आवाक्यात येते तेव्हा, आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे तो वैद्य स्पष्ट बोलतो तेव्हा. यांपैकी चौथी गोष्ट संपूर्णपणे आपल्या हाती आहे. तेलासाठी आलेल्या रुग्णाला तेल जरूर द्यावे. परंतु त्याच चिठ्ठीवर श्रवणालेखाची सूचनाही लिहावी. सात-आठ वर्षांचा विलंब सात-आठ महिन्यांवर आणणे आपल्याला शक्य आहे, आणि तेवढी वर्षे त्या माणसाच्या आयुष्यातील संवादाची असतात. सदस्य वैद्यांनी आपापल्या गावातील अनुभव या दृष्टीने तपासून पाहावेत, ही विनंती.